केक फुगतो आणि मधोमध बसतो: कारण कसं ओळखायचं, काय बदलायचं

ओव्हनच्या काचेतून केक टिनच्या काठापर्यंत आलेला दिसतो. बाहेर काढून दहा मिनिटं होत नाहीत तोच मधे वाटीएवढा खड्डा पडतो. नाशिकमध्ये ही तक्रार वर्षातून दोनदा जोर धरते: पावसाळ्यात, आणि मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. दोन्ही वेळची कारणं वेगळी असतात, पण घरोघरी इलाज एकच होतो, तो म्हणजे पुढच्या वेळी सोडा वाढवायचा. तेवढं मात्र करू नका. बसलेल्या केकात सोडा किंवा बेकिंग पावडर आधीच जास्त असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती वाढवली की पुढचा केक आणखी बसतो.

केक उभा कशामुळे राहतो हे एकदा नीट समजलं की निम्मं काम होतं. सोड्यातून निघालेला वायू, फेटताना शिरलेली हवा आणि वाफ मिळून मिश्रण फुगवतात. त्याच वेळी मैद्यातला स्टार्च पाणी शोषून घट्ट होत जातो आणि बुडबुड्यांभोवती भिंती तयार होतात. भिंती पक्क्या होण्याआधी वायूचा जोर संपला, किंवा बुडबुडे फार मोठे होऊन फुटले, की वरचा भाग खाली येतो. मधला भाग सगळ्यात उशिरा तापतो, म्हणून खड्डा मधेच पडतो. थोडक्यात, फुगणं आणि पक्कं होणं यांची वेळ जुळत नाही. ती कुठे चुकली हे केकच सांगतो, फक्त त्याला कापून बघायला हवं.

आधी कापा, मग रेसिपी बदला

केक पूर्ण गार झाला की खड्ड्याच्या बरोबर मधून उभा काप द्या आणि आतली बाजू उजेडात धरा. शिवाय केक *कधी* बसला ते आठवा, कारण निदान या दोन गोष्टींवरच होतं.

ओव्हनमध्ये असतानाच झपाट्याने फुगला आणि तिथेच खाली आला असेल, आत मोठी आणि वेडीवाकडी भोकं असतील, रंग नेहमीपेक्षा गडद आणि चवीला साबणासारखा असेल, तर सोडा किंवा पावडर जास्त झाली आहे.

बाहेर काढेपर्यंत छान होता आणि गार होताना बसला, आत खड्ड्याखाली ओलसर, गडद, शिऱ्यासारखा पट्टा दिसतो, तर तो कच्चा राहिला आहे. ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

फारसा फुगलाच नाही आणि तळाशी बोटभर चिकट, दाट थर आहे, तर पावडर निकामी, मिश्रण जास्त घोटलेलं किंवा जास्त पातळ, नाहीतर टिनमध्ये ओतून बराच वेळ ठेवलेलं.

कडा उंच आणि कडक, मधला भाग खाली, वर चकाकणारी चिकट पापडी असेल तर साखर जास्त आहे. साखर स्टार्चला घट्ट होऊ देत नाही. त्याला जास्त तापमान लागतं आणि तोवर वायू निघून जातो. मैद्याच्या वजनाच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत साखर बिनअंड्याच्या केकला सोसते. त्याहून गोड हवा असेल तर वरून साखरेचा पाक घाला, मिश्रणात नको.

गार झाल्यावर वरचा फुगवटा दोन-चार मिलिमीटर खाली येऊन सपाट झाला तर तो दोष नाही. तसं होतंच.

सोडा आणि पावडर: चमच्यात होणारी गडबड

मापाच्या संचातला छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो आणि तो सपाट भरायचा असतो. आपल्या घरचा चहाचा किंवा मिसळणाच्या डब्यातला चमचा वेगळ्या आकाराचा असतो, आणि शीग लावून भरला तर त्यात सहज दुप्पट माल मावतो. पाव चमचा सोडा म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम. स्वयंपाकघरातला साधा काटा एवढं बारीक वजन नीट दाखवत नाही. म्हणून मैदा, साखर, दही काट्यावर मोजा, आणि सोडा व पावडर मात्र मापाच्या चमच्याने, वर सुरीची उलटी बाजू फिरवून.

प्रमाण असं: १२५ ग्रॅम म्हणजे एक कप मैद्याला फक्त बेकिंग पावडर वापरत असाल तर १ ते सव्वा छोटा चमचा. सोडा तिच्या तीन-चार पट तीव्र असतो आणि त्याला आंबट जोडीदार लागतो. अर्धा कप दही साधारण पाव चमचा सोडा पचवतं. त्याहून जास्त घातलेला सोडा तसाच उरतो, आणि साबणाची चव व पिवळट डाग त्याचेच. ईनो वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: ईनोत सोडा आणि आम्ल दोन्ही असतात, ओल लागताच ते उसळतं आणि दोन मिनिटांत थंडावतं. ईनो घातलेलं मिश्रण थेट तापलेल्या ओव्हनमध्येच जायला हवं.

पावसाळ्यातल्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा डब्यात असतं. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर हवा सतत ओली असते, पण शहरातही उघडा डबा महिन्याभरात गोळे धरतो. किराणा दुकानातून सुटी, प्लॅस्टिकच्या पुडीत बांधलेली पावडर घेऊ नका; ती कधी भरली आणि कशी ठेवली होती हे कळत नाही. छोटा बंद डबा घ्या, उघडल्याची तारीख त्यावर लिहा आणि चार-सहा महिन्यांनी बदला. चाचणी एका मिनिटाची आहे: पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर चांगली, चार बुडबुडे येऊन थांबली तर फेकून द्या. सोड्यासाठी साध्या पाण्याऐवजी लिंबाचा रस घ्या.

नाशिकची थंडी आणि गार मिश्रण

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि त्या दिवसांत शहरातल्या ओट्यावरचं तूपही दगडासारखं होतं. अशा वेळी फ्रिजमधलं दही आणि दूध तसंच वापरलं की दोन गोष्टी घडतात. वितळवून घातलेलं तूप किंवा लोणी गार दुधाला भेटताच कणीदार होऊन थिजतं. ते मैद्यात एकजीव होत नाही, ओव्हनमध्ये त्या जागी वितळून भोकं पडतात आणि तळाशी तेलकट रेघ उमटते. दुसरं असं की सगळं मिश्रणच गार असल्याने मधला भाग तापायला जास्त वेळ घेतो. कडा पक्क्या होतात, पापडी धरते, आतलं अजून पातळच. रेसिपीतले ३५ मिनिटं झाले म्हणून केक काढला की तो बसणारच.

उपाय सोपा आहे. दही-दूध तासभर आधी बाहेर ठेवा. घाई असेल तर भांडं कोमट पाण्याच्या ताटात दहा मिनिटं ठेवा. हाताला गारही नाही आणि गरमही नाही, असं झालं की पुरे. तूप वितळवून कोमट करा, कढत नको. लोणी फेटून घेणाऱ्या केकसाठी लोण्यावर बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण चमक येता कामा नये. जानेवारीत लोण्याला तिथवर यायला दोन-तीन तास लागतात आणि मेच्या दुपारी दहा मिनिटांत ते त्यापुढे निघून जातं. थंडीच्या दिवसांत भाजण्याच्या वेळेत पाच ते आठ मिनिटं वाढ धरा. तेलाचा केक थंडीत जास्त भरवशाचा, कारण तेल थिजत नाही. हिवाळ्यात नव्याने शिकणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

उन्हाळ्यात उलटी अडचण येते. घरचं दही लवकर आंबतं आणि पाणी सोडतं. असं दही मोजण्याआधी दहा मिनिटं गाळणीत ठेवा, नाहीतर मिश्रण नकळत पातळ होतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणून उंचीला दोष देणारेही भेटतात. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फरक आहे पण किरकोळ. रेसिपीत मोठे बदल करण्याची वेळ साधारण ९००-१००० मीटरनंतर येते. उंचीच्या नावाने मैदा वाढवत बसण्यापेक्षा ओव्हन तपासणं फायद्याचं.

ओटीजीचा आकडा आणि खरं तापमान

घरगुती ओटीजीच्या (ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या) चकतीवर १७० दिसतं, आत १५० किंवा १९० असू शकतं. पंधरा-वीस अंशांचा फरक अगदी सर्रास सापडतो. आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो एकदा घ्या. महागड्या टिनपेक्षा त्याचा उपयोग जास्त. तो मिळेपर्यंत साखरेने अंदाज घेता येतो. दाणेदार साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घालून आधी तापवलेल्या ओटीजीत १७५ वर १५ मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन दाखवतो त्याहून जास्त तापतोय. नाही वितळली तर दुसरी वाटी १९० वर १५ मिनिटं ठेवा; तीही तशीच राहिली तर ओव्हन मागे आहे.

ओव्हन जास्त तापला की वर पापडी लवकर धरते, मधून फुटते, आत कच्चं राहतं आणि मग बसतं. कमी तापला की वायू आधी संपतो आणि भिंती मागून तयार होतात. आधी तापवणं किमान १५ मिनिटं हवं, आणि वरची-खालची अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्या चालू. टिन अशा जाळीवर ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मधोमध येईल. वरच्या कांडीच्या फार जवळ गेला की रंग आधी येतो आणि शिजलं असं वाटून केक काढला जातो.

दार उघडण्याबद्दल: पहिली दोन तृतीयांश वेळ उघडायचंच नाही. ३५ मिनिटांच्या केकला २४-२५ मिनिटांपर्यंत फक्त काचेतून पाहा. एकदा दार उघडलं की छोट्या ओटीजीतली बरीच गरम हवा बाहेर पडते आणि वायू आकसतो. मधेच वीज गेली तरी दार बंदच ठेवा. शेवटची आठ-दहा मिनिटं उरली असतील तर आतल्या उष्णतेवर केक बहुधा निभावतो, वीज आल्यावर उरलेला वेळ द्या. सुरुवातीच्या दहा मिनिटांत गेली तर मात्र तो केक वाचत नाही.

शिजलं की नाही हे एकट्या सुरीवर सोडू नका. सुरी खड्ड्याच्या बाजूने नाही, अगदी मधे आणि तळापर्यंत घाला. चिकट ओल नको, दोन-चार कोरडे कण चालतात. वर बोटाने हलकं दाबलं की जागा परत वर आली पाहिजे. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या दिसल्या पाहिजेत. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की काढा. अन्नाचा तापमापक असेल तर मधे ९५-९६ अंश पाहा.

टिनचं माप

भांडी बाजारात सहा, सात, आठ इंची टिन शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि डोळ्यांना फरक थोडा वाटतो. प्रत्यक्षात सात इंची टिनचं क्षेत्र सहा इंचीपेक्षा तब्बल ३६ टक्के जास्त आहे आणि आठ इंचीचं ७८ टक्के. आठ इंचाची रेसिपी सहा इंचात ओतली की थर खोल होतो, मधला भाग कधीच वेळेत शिजत नाही. टिन अर्ध्यापर्यंत भरा, फार तर दोन तृतीयांश. उरलेलं कपकेकच्या वाट्यांमध्ये घाला.

कुकरमधला केक

कुकरमध्ये उष्णता फक्त खालून येते, म्हणून तळ लवकर होतो आणि वरचा मध्य मागे राहतो. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढल्याशिवाय कुकर गॅसवर ठेवायचाच नाही. कोरड्या कुकरमध्ये दाब धरणं धोक्याचं आहे. कोरडा तापवून कुकरचा तळ खराब होऊ शकतो, तेव्हा रोजचा वापरू नका. एखादा जुना जाड कुकर यासाठीच राखून ठेवा, किंवा जाड कढई आणि घट्ट झाकण घ्या. नॉनस्टिक भांडं नको.

तळाशी दीड कप जाड मीठ, त्यावर स्टँड, आणि टिन कुकरच्या भिंतीला कुठेही चिकटता कामा नये. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, टिन ठेवा, पहिली पाच मिनिटं तीच आच, मग छोट्या बर्नरवर मंद. ज्योत तळाच्या बाहेर येऊ नये. हिवाळ्यात खिडकीतून वारा येत असेल तर मंद ज्योत हेलकावते आणि आच नकळत निम्मी होते. खिडकी थोडी लोटून घ्या, पूर्ण बंद करू नका. सहा इंची केकला ४० ते ४५ मिनिटं लागतात. ३० मिनिटांआधी झाकण काढू नका. काढाल तेव्हा आतल्या बाजूचं पाणी केकवर पडू न देता झाकण तिरकं उचला आणि पुसून परत ठेवा. कुकरमधल्या केकला वर सोनेरी रंग येत नाही, त्याची वाट बघत बसलात तर तळ करपेल.

रवा, कणीक, गूळ आणि बेदाणे

रव्याच्या केकची चूक बहुतेकदा भिजवण्यात असते. एक कप बारीक रव्याला अर्धा कप दही आणि अर्धा कप दूध घालून २० ते ३० मिनिटं झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण इडलीच्या पिठाइतकं झालं पाहिजे. घट्ट वाटलं तर दोन-तीन मोठे चमचे दूध. सोडा-पावडर *यानंतरच*. आधी घातली तर अर्ध्या तासात तिचा जोर संपलेला असतो. न भिजवलेला रवा तळाशी जाऊन बसतो आणि वर नुसतं पाणीदार मिश्रण उरतं, म्हणून तळ खरखरीत आणि मध्य ओला असा केक होतो.

कणकेत कोंडा असतो, तो हळूहळू पाणी ओढतो. एका कपामागे एक-दोन मोठे चमचे दूध जास्त घाला, कालवून दहा मिनिटं थांबा, मग पावडर. गूळ किसून दुधात विरघळवून गाळून घ्या, खडे राहिले की त्या जागी पाक होऊन खळगे पडतात. दूध गरम असताना गूळ घातला तर फाटू शकतं, कोमट असू द्या.

बेदाणे इथे मुबलक, त्यामुळे हातही सढळ सुटतो. एक कप मैद्याच्या केकला ५०-६० ग्रॅम पुरेत. त्यांना मैद्यात घोळवण्याने फरक पडतो पण थोडाच. मिश्रण पातळ असेल तर घोळवलेलेही तळाला जातात. अर्धे चिरून मिश्रणात घाला आणि उरलेले टिनमध्ये ओतल्यावर वरून पेरा. ताज्या द्राक्षांचा मोह टाळा. त्यांत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, प्रत्येक द्राक्षाभोवती ओला खळगा राहतो. द्राक्षं केक गार झाल्यावर क्रीमवर लावा.

घोटणं

पावडर घातलेला मैदा ओल्या जिन्नसांत पडल्यावर हात आवरा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, ३०-४० वेळा उलथण्याहून जास्त नको. बारीक गुठळ्या राहिल्या तरी भाजताना विरतात. जास्त घोटलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं, केक चिवट होतो आणि उभी भोकं पडतात. एकाच दिशेने फिरवलं पाहिजे असं अनेक घरांत सांगतात; दिशेने काही फरक पडत नाही, किती वेळ फिरवता त्याने पडतो.

तपासणीसाठी एक साधा केक

नेमकं कुठे चुकतंय हे कळत नसेल तर आवडती रेसिपी बाजूला ठेवून हा केक दोनदा करा. सहा इंची टिनसाठी मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, घट्ट दही १२० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, दूध ५० ते ६० मिलिलिटर, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा पूड. दही-साखर-तेल एकजीव करा, मैदा आणि पावडर-सोडा दोनदा चाळून त्यात घाला, दूध लागेल तसं. चमच्यातून मिश्रण जाड फितीसारखं पडलं पाहिजे आणि पडलेली रेघ दोन-तीन सेकंद दिसली पाहिजे. टिन ओट्यावर एकदा आपटून लगेच १७० अंशांवर, ३० ते ३५ मिनिटं.

हा केक नीट आला तर ओव्हन आणि पावडर ठीक आहेत, दोष तुमच्या रेसिपीच्या प्रमाणात आहे. हाही बसला तर साहित्याला हात न लावता फक्त वेळ सात मिनिटं वाढवून परत करा. तरी बसला तर तापमान. दर खेपेला एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते समजत नाही.

आज बसलेल्या केकचं काय

काढून पाच मिनिटांच्या आत कच्चेपणा लक्षात आला तर वरून सैल फॉइल टाकून परत १६० वर १०-१२ मिनिटं ठेवा. खड्डा भरून येणार नाही पण आतलं शिजेल. पूर्ण गार झाल्यावर हा उपाय चालत नाही. तेव्हा मधला ओला भाग कापून टाका, तो कच्चा मैदा आहे, मुलांना देऊ नका. कडेच्या शिजलेल्या भागाचे बोटभर जाड काप करून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी १५-१५ मिनिटं भाजा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. कडक टोस्ट होतात, हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात आणि चहात बुडवून चांगले लागतात. आतून शिजलेला असून नुसताच खड्डा असेल तर वरचा काठ सुरीने सपाट करा, केक उलटा ठेवा आणि तळाची बाजू वर घेऊन सजवा.